सिंगापुरात रात्रीचं निवांत जेवण आणि भटकंती, खास मुंबईच्या घड्याळावर चालणाऱ्या पोटांसाठी

ऑफिसने पहिल्यांदा तीन आठवड्यांसाठी सिंगापूरला पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं की एवढं झगमगीत शहर म्हणजे रात्री काय मजा असेल. पहिल्याच दिवशी काम आटोपून, हॉटेलवर अंघोळ वगैरे करून, आरामात साडेदहाला जेवायला बाहेर पडले. जवळच्या फूड सेंटरमध्ये पोचले तर निम्मे लाईट बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या आणि एक काका फरशीवर पाणी मारतायत. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणि केळी घेतली, हॉटेलच्या खोलीत बसून खाल्ली. लोअर परळच्या ऑफिसातून निघून साडेदहाला दादरला उतरलं तरी आपल्याला कोणीतरी गरम काहीतरी देतंच, त्या सवयीने माझी वाट लावली होती.

नंतर दोनदा जाणं झालं, एकदा एकटी आणि एकदा आई-बाबांना घेऊन, आणि हळूहळू हे शहर रात्रीचं कसं वापरायचं ते कळलं. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल आणि पब-डिस्को नको, नुसतं छान जेवायचं, पाण्याकाठी बसायचं, थोडं भटकायचं आणि सुखरूप परत यायचं एवढंच हवं असेल तर पुढचं वाचा.

१. सगळ्यात आधी घड्याळाचं गणित

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. हे सगळ्यांना माहीत असतं पण त्याचा अर्थ कोणी लावत नाही. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्या पोटात साडेचार वाजलेले असतात, म्हणजे चहा-बिस्किटाची वेळ. आणि मुंबईत नऊ वाजता जी सणसणीत भूक लागते ती तिथे लागते साडेअकराला, जेव्हा बरेच स्टॉल बंद झालेले असतात आणि मेट्रो पण आवरायला लागलेली असते.

जास्त दिवस राहणार असाल तर शरीर आपोआप जुळतं, पण तीन-चार दिवसांच्या ट्रिपला जुळेपर्यंत परतीचं विमान येतं. म्हणून मी जुळवायच्या भानगडीतच पडत नाही. साडेनऊ-पावणेदहाला जेवायचं ठरवते (पोटात सात-सव्वासात) आणि त्या वेळेला नक्की उघडं असणारंच ठिकाण निवडते. सगळी संध्याकाळ शेवटच्या मेट्रोपासून उलटी मोजत आखायची. मेट्रो साधारण मध्यरात्रीच्या आसपास संपते, प्रत्येक स्टेशनची वेळ वेगळी असते आणि मध्ये लाईन बदलायची असेल तर दुसऱ्या लाईनची शेवटची गाडी पण बघावी लागते. मी सव्वाअकरा ही आपली हद्द धरते. शेवटच्या कर्जतसाठी धावलेल्या माणसाला हे जास्त समजवायची गरज नाही.

२. मुंबईतून निघतानाच उरकायच्या गोष्टी

तिथे पोचून बघू म्हणालात तर पहिली संध्याकाळ त्यातच जाते. माझी यादी अशी:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला.
- व्हिसा. आपल्या पासपोर्टला लागतो, आणि अधिकृत एजंटमार्फत अर्ज करावा लागतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंट आपले पैसे लावतो, तर दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.
- एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथल्या इमिग्रेशनसाठीचा फॉर्म. हे ऑनलाईन भरायचं असतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. हे फुकट आहे. गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साईट पण दिसतात, तिकडे अजिबात जाऊ नका, सिंगापूरच्या इमिग्रेशनची सरकारी साईटच वापरा.
- मेट्रोसाठी प्रत्येक माणसाचं स्वतःचं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं टॅप होणारं बँकेचं कार्ड.
- थोडे रोख सिंगापूर डॉलर. डॉलरचा भाव निघायच्या आधी बघून हिशोब करा. काही स्टॉलवाले परदेशी कार्ड घेत नाहीत, आणि इथल्यासारखं फोन काढून स्कॅन करून टाकू या भरवशावर राहू नका.
- तीन चपट्या पिनांचा प्लग, छोटी छत्री, टिश्यूची दोन पाकिटं. टिश्यू कशाला ते पुढे सांगते.

कार्डाबद्दल जरा जास्त सांगते कारण इथेच सगळे अडकतात. आपल्या बँकांच्या कार्डावर परदेशातले व्यवहार आधी बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, आणि टॅप करायचं बटण वेगळं असतं. मी पहिलं चालू केलं, दुसरं विसरले, आणि मेट्रोच्या गेटवर मागे दहा माणसांची रांग लावून उभी. दुसरं, एका कार्डावर तिघांना आत घेता येत नाही. बाबांनी आईसाठी आपलंच कार्ड परत टॅप केलं आणि गेट ढिम्म हललं नाही. ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडायचं. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलं तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. परदेशी कार्डाला दिवसाची थोडी फी पण लागते, दोन-चार दिवसांसाठी तेवढी चालते.

आणि टॅक्सीचं ग्रॅब हे ॲप इथेच, घरी बसून, आपल्या नंबरावर ओटीपी घेऊन सुरू करून ठेवा, कार्ड पण जोडून ठेवा. उबर तिथे नाही, २०१८ मध्ये त्यांनी तिथला धंदा ग्रॅबला देऊन टाकला. तिथे गेल्यावर भारतातलं सिम बंद, ओटीपी येत नाही, कार्ड जोडलं जात नाही, आणि तुम्ही रात्री बारा वाजता रस्त्यावर, हे चित्र मी स्वतः बघितलेलं आहे.

३. संध्याकाळ: आधी फुकटचं बघून घ्या

सूर्य तिथे वर्षभर साधारण सातच्या सुमारास मावळतो, विषुववृत्ताजवळ असल्यामुळे फारसा फरक पडत नाही. त्यामुळे प्लॅन सोपा होतो.

बेफ्रंट स्टेशनला उतरा आणि गार्डन्स बाय द बे मध्ये जा. ती जी मोठमोठी लोखंडी झाडं फोटोत बघता ना, सुपरट्री, पंचवीस ते पन्नास मीटर उंचीची, त्यांच्याखाली रोज ७.४५ आणि ८.४५ ला दिवे आणि संगीताचा खेळ असतो आणि त्याला तिकीट नाही. तिकीट वर चढायला आणि काचेच्या घुमटांमध्ये जायला लागतं. लोक खाली जमिनीवर सरळ आडवे होऊन बघतात. आईने आधी "असं कुठे पब्लिकमध्ये आडवं पडायचं" म्हणून नाक मुरडलं आणि पाच मिनिटांनी पर्स डोक्याखाली घेऊन सगळ्यात ऐसपैस तीच झोपली होती. बाबांचा एकच प्रश्न, याचं लाईट बिल कोण भरतं.

तिथून मरिना बे सँड्स हॉटेलच्या पुढ्यात पाण्याकाठी यायचं, तिथे ९ वाजता पाण्याच्या कारंज्यांचा शो, तोही फुकट. ८ वाजता पण असतो, शुक्रवारी-शनिवारी १० ला अजून एक. मी ७.४५ चा झाडांचा आणि ९ चा पाण्याचा अशी जोडी लावते, मध्ये रमतगमत चालायला वेळ मिळतो. सात वाजता जी चार-साडेचारची भूक असते ना, तिच्यासाठी बॅगेत काहीतरी ठेवा. आम्ही घरून नेलेला चिवडा तिथेच बाकावर बसून संपवला. मेट्रोत मात्र काही खायचं नाही, पाणी सुद्धा नाही, दंड पाचशे डॉलरपर्यंत आहे.

मग हेलिक्स नावाचा वळणावळणाचा पादचारी पूल ओलांडून एस्प्लनेडकडे. हे तिथलं नाट्यगृह, २००२ मध्ये उघडलेलं, छत ड्युरियन या काटेरी, फणसासारख्या फळासारखं म्हणून लोक त्याला ड्युरियनच म्हणतात. बाहेर पाण्याकाठी छोटा उघडा रंगमंच आहे, शनिवार-रविवारी तिथे बऱ्याचदा फुकट गाणं-बजावणं चालू असतं. आम्हाला एक मलय गाणारी मुलगी भेटली, शब्द एक कळला नाही, अर्धा तास उठलो नाही. तसंच चालत पुढे गेलं की तो पाणी ओकणारा मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला पुतळा, आणि अजून थोडं गेलं की रॅफल्स प्लेस हा ऑफिसांचा भाग. हे सगळं चालणं दोन-अडीच किलोमीटर होतं, घाम येतो, आपल्या मे महिन्यासारखा, पण पाण्याचा वारा असतो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायची सवय असेल तर तुम्हाला इथे कोणी काही शिकवायला नको, फक्त इथे शेंगदाणेवाला येत नाही.

४. जेवण: हॉकर सेंटरचे रीतीरिवाज

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली असलेली खाऊगल्ली. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने पक्क्या जागा दिल्या, त्यातून ही झाली, आणि २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेली. स्वस्त आहे, पाच ते आठ डॉलरमध्ये एका माणसाचं व्यवस्थित जेवण होतं.

पण सगळी सेंटर रात्रीची नसतात, माझी पहिल्या रात्रीची चूक हीच. चायनाटाऊनमधलं मॅक्सवेल खूप नावाजलेलं आहे पण तिथले बरेच स्टॉल संध्याकाळीच आवरतात, तिथे दुपारी जा. उशिरासाठी माझा भरवसा लाऊ पा सात वर. रॅफल्स प्लेसपासून चालत, १८९४ ची लोखंडी खांबांची अष्टकोनी इमारत, वर घड्याळाचा मनोरा, चहूबाजूंनी काचेच्या ऑफिसांच्या इमारती. संध्याकाळी सातनंतर तिच्या बाजूचा बून टॅट स्ट्रीट गाड्यांना बंद करतात, रस्त्यातच टेबलं मांडतात आणि ओळीने सातेच्या शेगड्या पेटतात. साते म्हणजे काडीला लावून कोळशावर भाजलेलं मांस, सोबत दाण्याची गोडसर-तिखट चटणी, कांदा, काकडी. चटणी खाऊन बाबा म्हणाले, हे तर आपलं दाण्याचं कूटच. दोन-चार काड्या सुट्या मागू नका, दहाएक घ्याव्या लागतात. चिकन, मटण, कोळंबी आणि बीफ, सगळं एकाच शेगडीवर असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारा. आणि धूर कपड्यात बसतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसला तोच शर्ट घालायचा विचार सोडा. न्यूटनचं सेंटर पण रात्री उशिरापर्यंत चालतं, मेट्रो स्टेशनला लागूनच आहे.

आता टिश्यू. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते टेबल कोणाचं तरी आहे. याला तिथे चोप करणं म्हणतात. लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडतात ना, तेच, फक्त इथे कोणी भांडत नाही. मला माहीत नव्हतं, मी पाकीट उचलून हात पुसायला घेतलं आणि पाच मिनिटांत एक बाई वाट्या घेऊन समोर येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. २०२१ पासून हा नियमच आहे, आधी ताकीद मिळते आणि नंतर दंड होतो. स्टॉलवाल्यांना अंकल, आंटी म्हणायचं, सगळे तसंच म्हणतात. टिप द्यायची पद्धत नाही.

५. शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

"नो मीट" एवढं सांगून काम होत नाही. आईसाठी मी नो मीट म्हणून नूडल्स घेतल्या, त्यात वर सुकट पेरलेली. विचारलं तर आंटी अगदी प्रेमाने म्हणाल्या की ही फिश आहे, मीट नाही. कोळंबीची पेस्ट तर तिथल्या लाल चटणीत, म्हणजे संबलमध्ये असतेच, पालेभाजीत पण घालतात, दिसत नाही. म्हणून "व्हेजिटेरियन, नो फिश, नो प्रॉन, नो ऑयस्टर सॉस" असं लांबलचक सांगायचं, अंडं चालत नसेल तर ते पण.

बऱ्याच सेंटरमध्ये एखादा चिनी शाकाहारी स्टॉल असतो, बौद्ध पद्धतीचा. तिथे चिकन, बदक असं काय काय दिसेल पण ते सोयाचं नाहीतर गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. यात सहसा कांदा-लसूण पण नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणारी आमची आई तिथे निर्धास्त जेवली, एकदा ते बदक नाही हे पटल्यावर. हे स्टॉल मात्र रात्री लवकर बंद होतात, आठच्या आत गाठा.

उशीर झाला तर सरळ लिटल इंडिया. सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे, डोसा, थाळी, फिल्टर कॉफी, सगळं शाकाहारी, पण तेही मध्यरात्रीपर्यंत चालत नाही, तर साडेनऊपर्यंत पोचलेलं बरं. त्यानंतर पाय मोकळे करायला मुस्तफा सेंटर हे भलंमोठं दुकान. ते कोविडच्या आधी चोवीस तास उघडं असायचं, आता तसं नाही पण तरी रात्री उशिरापर्यंत असतं. हापूसच्या रसाच्या डब्यापासून घड्याळापर्यंत सगळं, आणि बाबांना तिथून बाहेर काढायला मला एक तास लागला.

६. चहा कसा मागायचा

हे मला सगळ्यात आवडतं. तिथे चहाला "ते" म्हणतात. नुसतं "ते" म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घातलेला गोड्डमिट्ट चहा येतो. ते-ओ म्हणजे दूध नाही, साखर आहे. ते-ओ कोसोंग म्हणजे दोन्ही नाही, कोसोंग हा मलय शब्द, अर्थ रिकामं. ते-सी मध्ये बिनसाखरेचं आटवलेलं दूध, आपल्या चहाच्या जास्त जवळ जातं. साखर कमी हवी तर शेवटी सिव दाय जोडायचं, बर्फ हवा तर पेंग. आलं घातलेला हवा तर ते हालिया, बाबांना मधुमेह आहे म्हणून ते रोज रात्री "ते-सी कोसोंग" म्हणायचे, दुसऱ्या दिवसापासून अंकल त्यांना बघूनच ओतायला घ्यायचे. कॉफीसाठी ते च्या जागी कोपी, बाकी सगळं तेच.

७. एखादा ग्लास घ्यायचा असेल तर

क्लार्क की आणि बोट की या नदीकाठच्या दोन गजबजलेल्या जागा. दारात उभे राहून मेन्यू घेऊन बोलावणारे भेटतात, मी अशांकडे जात नाही. शांत बसायचं असेल तर तसंच नदीकाठाने पुढे रॉबर्टसन कीला जा, गर्दी कमी. बिअर महाग आहे, एका ग्लासला पंधरा-वीस डॉलर सहज जातात, लवकर गेलात तर हॅपी अवर मिळतो.

नियम मात्र पाठ करा. रात्री साडेदहा ते सकाळी सात दुकानातून दारू विकत मिळत नाही आणि उघड्यावर, म्हणजे बागेत, पाण्याकाठी, रस्त्यावर पिता येत नाही. बारमध्ये बसून चालतं. लिटल इंडिया आणि गेलांग या भागांत शनिवार-रविवारी अजून कडक आहे, तिथे उघड्यावर दिवसासुद्धा चालत नाही. आपली मंडळी नेमकी शनिवारी लिटल इंडियात कॅन घेऊन फुटपाथवर बसतात आणि फसतात. ई-सिगारेट तर सोबत नेऊच नका, जवळ बाळगणं पण गुन्हा आहे.

८. बिलातले खड्डे

हॉटेलच्या मेन्यूत किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर त्या किमतीवर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर नऊ टक्के जीएसटी लागणार. चिनी रेस्टॉरंटमध्ये बसल्याबसल्या शेंगदाण्यांची वाटी आणि ओले टिश्यू टेबलावर येतात, ते फुकट नसतात, नको असतील तर लगेच परत पाठवा.

खेकडा आणि मोठी कोळंबी वजनावर विकतात, मेन्यूत आकडा नसतो नाहीतर शंभर ग्रॅमचा असतो. एका ठिकाणी मी आकडा बघून खूश झाले, तो शंभर ग्रॅमचा होता, खेकडा निघाला किलोच्या वर. त्या रात्री मी ऑफिसच्या भत्त्याचे दोन दिवस खाल्ले. वजन करून, एकूण किती होतील ते तोंडून वदवून घेऊन मगच हो म्हणा. कार्ड मशीनवर रुपयात भरू का डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलर निवडा, रुपयाचा भाव ते स्वतःच्या सोयीने लावतात.

९. परत येणं, आणि साडेबाराची भूक

शेवटची मेट्रो चुकली तर टॅक्सी. मध्यरात्री बारा ते सकाळी सहापर्यंत मीटरवर पन्नास टक्के जास्त लागतात. म्हणजे ११.५० ला टॅक्सीत बसणं आणि १२.०५ ला बसणं यात फरक आहे. ग्रॅबचा भाव मागणीप्रमाणे बदलतो, मी दोन्ही बघते आणि स्वस्त ते घेते. एकट्या बाईला रात्री बाराला चालताना मला कधी भीती वाटली नाही, तरी गेलांगच्या काही गल्ल्या रेड लाईट एरिया आहेत, आई-बाबांना घेऊन रात्री तिकडे जेवायला जायचं असेल तर मुख्य रस्त्यावरच राहा.

आणि एवढं सगळं करून हॉटेलवर पोचलात, साडेबारा वाजले आणि पोटाला आत्ता कुठे दहा वाजल्याचं कळलं, तर प्राटा शोधा. आपल्या पराठ्याचाच दक्षिणेकडून गेलेला भाऊ, पदर सुटलेला, तव्यावरून थेट ताटलीत. रात्रभर चालणारी प्राटाची दुकानं शहरात बरीच आहेत, हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसाला सगळ्यात जवळचं कुठलं ते विचारा, नकाशापेक्षा तो बरोबर सांगतो. साधा हवा तर "प्राटा कोसोंग". सोबत करी येते ती बऱ्याचदा माशाची किंवा मटणाची असते, शाकाहारी असाल तर ताट समोर यायच्या आधी "दाल" म्हणून सांगा. एका माणसाला दोन पुरतात, मी तीन मागवते.